बाटलीतला खाडीचा चिखल

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात मी खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात बसून चिखल वाळवायचं काम करत होते. आता कुणाला सांगितलं तर हसू येतं, पण त्या चिखलाने मला जेवढं घाबरवलं तेवढं नंतर कशानेही घाबरवलं नाही.

लग्न होऊन मी लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहायला आले होते. आमचे हे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर कामाला होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या नाणे मावळातल्या एका डोंगरवाडीच्या. आयुष्यभर भातखाचरात राबलेल्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण मनाने सरळ. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. माझ्याजवळ रसायनशास्त्राची पदवी होती आणि तिच्या जोरावर मला एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या भरून ठेवणं, एवढंच.

सरांची ओळख शाळेतूनच झाली. ते मुंबईच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना डोंगरावरच्या हवेत राहायला सांगितलं होतं, म्हणून खंडाळ्याला दरीच्या काठचा एक बंगला भाड्याने घेऊन एकटेच राहत. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने खाडीच्या तळाचा चिखल बाटल्यांत भरून त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली होती. खाडीकाठी नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांचं पाणी सरळ खाडीत सुटत होतं. त्या पाण्यातून काय येतं आणि तळाशी काय साचतं ते पाहायचं होतं. सरांचे हात थरथरत, म्हणून त्यांना मदतीला कुणीतरी हवं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी जायला लागले.

मला चौथा महिना लागला होता. सरांना मी ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला घेतलं नसतं, आणि मला ते काम फार आवडलं होतं. कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला "तुमचं मत काय?" असं विचारत होतं. मी पदर नीट पुढे ओढून घेत असे, बस्स.

बाटली उघडली की कुजलेल्या अंड्यासारखा वास यायचा. चिखल काळा, तुळतुळीत, बोटाला चिकटणारा. तो काचेच्या थाळ्यांत पातळ पसरून सावलीतच वाळवायचा. भट्टीत घातला तर त्यातला पारा उडून जाईल, असं सर सांगत. वाळला की चिनी मातीच्या खलात कुटायचा, बारीक चाळणीने चाळायचा, मग आम्लात उकळवायचा. शेवटी एका हिरव्यागार द्रावणात मिसळून, खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात घालून हलवायचा. चिखलात पारा असेल तर तो हिरवा रंग नारिंगी होतो. पहिल्या सहा बाटल्यांत रंग जेमतेम बदलला. सातवी बाटली मी हलवली आणि हिरवा रंग माझ्या डोळ्यांदेखत गेला. पिकलेल्या पपईच्या गरासारखा रंग आला.

"पुन्हा करा," सर म्हणाले.

मी पुन्हा केलं. तोच रंग. तिसऱ्यांदा नवीन चिखल घेऊन केलं. तोच. सरांनी वही उघडली आणि विद्यार्थ्याने लिहिलेली टिपणं मोठ्याने वाचली. "सातवी बाटली. जुन्या लाकडी पुलाच्या खालची बाजू. डाव्या हाताला मिठागर, काठावर पिंपळाखाली देवीचं ठाणं."

माझे हात नरसाळ्यावर तसेच राहिले. कारण तो पूल, ते मिठागर आणि ते देवीचं ठाणं मला माहीत होतं. पाहिलं नव्हतं, पण कितीतरी वेळा ऐकलं होतं.

आमच्या लोणावळ्याच्या बाजारात खाडीकाठच्या गावाहून एक मासळीवाली यायची. आठवड्यातून दोनदा, सकाळच्या एसटीने घाट चढून. कंडक्टर तिची पाटी टपावर टाकायला लावायचा आणि ती त्याच्याशी खोपोलीपासून भांडत यायची. मी तिला मावशी म्हणत असे. माझं माहेर समुद्राकाठचं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. मला दिवस गेल्याचं तिनेच सगळ्यांत आधी ओळखलं. तेव्हापासून ती माझ्यासाठी मुद्दाम निवट्या आणायची. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारा छोटा मासा. ओहोटीला चिखलावर उड्या मारत फिरतो. "पोटातल्या पोराला ताकद येते गो बाय," असं म्हणून ती चार जास्तीच्या टाकायची. पुलाखाली तिचा नवरा निवट्या धरायचा. देवीच्या ठाण्याजवळ तिचं घर होतं. मी मार्चपासून आठवड्यातून दोनदा त्या निवट्या खात होते.

सर खुर्चीत बसले होते आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. जपानातल्या एका उपसागराकाठी असंच झालं, म्हणाले. कारखान्यातला पारा तळाच्या चिखलात गेला, चिखलातून शिंपल्यांत आणि माशांत. आधी मांजरं वेडी झाली. तोल जाऊन गोल गोल फिरायची, पाण्यात पडून मरायची. मग माणसांचे हात बधिर झाले, बोलणं अडखळलं. "आणि सगळ्यांत वाईट म्हणजे," सर म्हणाले, "ज्या आयांना स्वतःला फारसं काहीच झालं नव्हतं, त्यांची मुलं जन्मतः वाकडी निघाली. आईच्या अंगातलं विष पोटातल्या पोराने ओढून घेतलं."

"सर," मी म्हणाले, "मला चौथा महिना आहे. आणि मी त्या पुलाखालचे मासे खाते."

ते उठले. त्यांनी माझ्या हातातलं नरसाळं काढून घेतलं, मला दंडाला धरून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरवून बाहेर अंगणात नेलं आणि तिथेच उभं केलं. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?" ते ओरडले. मग आवाज एकदम खाली आला. "आणि मी तुमच्याकडून तो चिखल कुटून घेत होतो. त्याची धूळ..." दरीतून गरम वारा वर येत होता. मी पोटावर दोन्ही हात ठेवून उभी होते आणि आत काही हलतंय का ते पाहत होते. काहीच हलत नव्हतं. चौथ्या महिन्यात फारसं जाणवत नाही हे मला कळत होतं, पण कळण्याचा काही उपयोग नव्हता.

घरी मी काही बोलले नाही. यांना सांगायला तोंड उघडायची आणि मिटायची. चाळीच्या मागच्या भिंतीवर एक करडी मांजर बसायची. मासळी आणली की मुंडकी तिला मिळायची. मी तासन्‌तास तिच्याकडे बघायला लागले. ती नीट चालते का, उडी बरोबर मारते का. एका सकाळी भिंतीवरून उतरताना तिचा मागचा पाय घसरला आणि ती नळाच्या डबक्यात पडली. मांजर उठली, अंग झटकलं, चाटत बसली. शेजारणीची मुलं हसली. मी मात्र दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. ती पुन्हा कधी पडली नाही, पण मी तिच्यावर नजर ठेवायचं थांबवलं नाही.

चार दिवसांनी सरांनी निरोप पाठवून मला शाळेत बोलावलं. बंगल्यावर येऊ नका म्हणाले. माझ्या मानेवरची केसांची एक बट हवी होती. पारा केसांत उतरतो, आणि मुंबईला एका प्रयोगशाळेत तो मोजायचं यंत्र आहे, असं त्यांनी समजावलं. मी शाळेतल्या कात्रीने बट कापून दिली. त्यांनी ती पाकिटात घातली आणि पाकिटावर माझं नाव न लिहिता फक्त एक खूण केली.

शुक्रवारी आत्याबाई माझ्या डोक्याला तेल लावायला बसल्या. बोटं मानेपाशी गेली आणि थांबली.

"हितलं क्यास कुनी कापलं?"

मी मान पुढे घेतली.

"पोटुशी बाई तू. तुझं क्यास कुनाच्या हाती पडलं? खरं सांग." त्यांनी मला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. खाचरात नागाला काठीने बाजूला सारून पुढे लावणी करणारी ती बाई. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. ती करणीची भीती होती. त्यापुढे मला खोटं सुचेना. मी सगळं सांगितलं. पारा, कारखाना, बाटली, निवट्या, जपानची मुलं.

मला वाटलं होतं त्यांना कळणार नाही. पण त्यांनी सरळ मुद्द्याचंच विचारलं.

"चिखलात इख हाय म्हनतीस?"

"हो."

"मंग मासं काय खात्यात? चिखुलच की. आमच्या खाचरातलं मुठं बी चिखलातच वाढतं." खेकड्याला त्या मुठं म्हणत. थोडा वेळ त्या तेलाची वाटी हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "त्या बाईला ठावं हाय का ह्ये?"

"नसावं."

"मंग तू हितं रडत काय बसलीस? तिच्या घरात पोरं न्हाईत व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बाजारात गेलो. मावशी नेहमीच्या जागी, पाटीवर ओलं फडकं टाकून बसली होती. मला पाहून हसली आणि निवट्या काढायला लागली.

"मावशी, नको," मी म्हणाले. "तुमच्या पुलाखालच्या चिखलात विष सापडलंय. मी स्वतः तपासलं."

तिने झटकन आजूबाजूला पाहिलं. "हलू बोल गो बाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मना काय म्हाईत! मी शालंत गेलंय का?" मग खाली बघत म्हणाली, "कारखान्याचा पाट सुटतो तितं मासं उलटं होऊन तरंगतान. तितलं आमी नाय खात."

आत्याबाई पुढे वाकल्या. "खात न्हाई, आन इकतीस?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी भरलं. "देवीची शपत, बाय, तुला मी पाटाजवलचं कंदी नाय दिलं. तुला वरच्या अंगाचं दिलंय." तिने माझा हात धरला. तिचा हात थंड आणि ओला होता. "पन भरतीला सगलं पानी एक होतं. चिखलाला काय कुंपन घातलंय? मी तरी काय गालून आनू?"

तेवढ्यात शेजारच्या आळीतल्या शिंप्याची बायको आली आणि तिने निवट्या मागितल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. मग तिने निवट्या पानात बांधून दिल्या आणि मी एक शब्दही बोलले नाही. आपण का गप्प राहिलो याचं उत्तर मी स्वतःला अजून दिलेलं नाही. तिची पाटी बाजारात उलटी व्हावी असं मला वाटत नव्हतं, एवढंच सांगता येईल. ते पुरेसं नाही.

त्या रात्री मी यांना सांगितलं. ते म्हणाले, "सरांना म्हणावं, हे वर कळवा. सरकारला कळवा." सरांनी ते आधीच केलं होतं. आकडे लिहून एका कार्यालयाला पत्र पाठवलं होतं. जूनच्या पहिल्या पावसाळी दिवसांत एक गृहस्थ जीप घेऊन बंगल्यावर आले. सरांनी नंतर मला शाळेच्या फाटकाशी उभं राहून ते सांगितलं. त्या गृहस्थांनी चिखलात काय सापडलं ते विचारलंच नाही. बाटल्या कुणी भरल्या, कुणाच्या परवानगीने भरल्या, आणि या कामात आणखी कोण कोण होतं, हे विचारलं.

"मी म्हटलं, मी एकटाच होतो," सर म्हणाले. "तुम्हीही तेच लक्षात ठेवा."

सरांचा आवाज इतका साधा होता की त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. आतापर्यंत भीती चिखलाची होती. आता तिच्यात जीपचीही भर पडली. फाटकावर गाडी थांबल्याचा आवाज आला की मी प्रयोगशाळेच्या मागच्या दाराने बाहेर जाऊन उभी राहत असे. विद्यार्थ्याकडून बाटल्या येणं बंद झालं. त्याची दूर कुठेतरी बदली झाली होती.

केसांचा निकाल ऑगस्टमध्ये आला. दोन ओळींचं पत्र. पारा आढळला, पण घाबरण्याइतका नाही. यापुढे खाडीची मासळी खाऊ नये. घाबरण्याइतका म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, पोटातल्या मुलाच्या बाबतीत किती म्हणजे किती, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही." त्यांनी खोटा धीर दिला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मुलगी ऑक्टोबरमध्ये झाली. सुईण तिला पुसत होती आणि मी ओरडत होते, "बोटं दाखवा, आधी बोटं दाखवा." बोटं सरळ होती. ती रडली, तिने दूध ओढलं. सगळे पेढे वाटत होते आणि मी तिच्या मुठी उघडून बघत होते. उजेडाकडे मान वळवते का, भांडं पडलं की दचकते का. आत्याबाई एकदा माझ्या हातातून तिला काढून घेऊन म्हणाल्या, "पोर हाय ती. परीक्षेची नळी न्हाई." पण मी झोपले की त्याही तिच्या कानाशी हळूच टाळी वाजवून बघत. मी अर्धवट डोळे उघडून पाहिलंय.

पावसाळ्यात मासळीवाल्या येत नाहीत, त्यामुळे मावशी दिसली नाही याचं काही वाटलं नव्हतं. पण दिवाळी गेली, थंडी पडली, तरी ती आली नाही. मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा मी यांना म्हटलं, मला तिच्या गावी जायचंय. यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं एसटीने घाट उतरलो.

पूल तसाच होता. डाव्या हाताला मिठागर, पिंपळाखाली देवी. ओहोटी होती, काळा चिखल उन्हात चमकत होता आणि त्याच्यावर निवट्या उड्या मारत होत्या. बघायला ते दृश्य अगदी निरागस होतं. मुलीला मी पदराखाली घेतलं, जणू तो चिखल तिच्याकडे बघत होता.

मावशी घराच्या ओट्यावर होती. वाळली होती. मला पाहून धावत आली, मुलीला घ्यायला हात पुढे केले आणि मध्येच थांबली. "हात धुवून येतंय," म्हणाली. आत खाटेवर तिचा नवरा बसला होता. मांडीवर फाटकं जाळं होतं, पण त्याची बोटं सुतावर ठरत नव्हती. तो सुई ओवायचा प्रयत्न करत होता आणि सुई निसटत होती. डॉक्टर वात म्हणतात, मावशी म्हणाली. तो वात असेलही. म्हाताऱ्या माणसाचे हात कापतात, सरांचेही कापत. मला काहीच सांगता येत नव्हतं, आणि तिला ते कळत होतं.

"मावशी, त्यांना मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवा. मी सरांची चिठ्ठी आणते."

तिने मान हलवली. मग मला पडवीच्या टोकाला नेऊन कानाशी म्हणाली, "पोराला कारखान्यात काम लागलाय गो. पाटाच्या फाटकावर. आता तू हिते येऊन काय बोलू नको. तुज्या पाया परतंय."

फाटकावर काम. ज्या फाटकातून ते पाणी सुटत होतं, त्याच फाटकावर. तिने मुलीच्या गालाला बोटाने जेमतेम स्पर्श केला आणि विचारलं, "हिचं हात-पाय बरं हान ना?"

"हो," मी म्हणाले. "आतापर्यंत तरी."

तिने आम्हाला जेवायला थांबवलं नाही. कोरा चहा दिला. कप हातात देताना म्हणाली, "पानी नलाचा हाय, खाडीचा नाय." आम्ही तो प्यायलो. यांनी तिच्या नवऱ्याजवळ बसून सुईत सूत ओवून दिलं, मग दुसरी सुई, मग तिसरी. डब्यात होत्या तेवढ्या सगळ्या ओवून ठेवल्या. आम्ही निघालो तेव्हा तो त्या ओवलेल्या सुयांकडे बघत होता.

मावशी पुन्हा लोणावळ्याला आली नाही. सरांनी तो बंगला पुढच्या वर्षी सोडला.

मुलगी बोलायला वेळेवर लागली, पण चालेना. वर्ष झालं, तेरा महिने, पंधरा महिने. भिंतीला धरून उभी राहायची आणि मटकन बसायची. शेजारणी म्हणत, काही मुलं उशिरा चालतात. मी त्यांना हो म्हणायची आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची. सतरावा महिना संपत आला असताना एका दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, आणि ती पोर खाटेचा पाय सोडून सुपाकडे चार पावलं चालत गेली. सूप उलटं झालं, तांदूळ घरभर सांडले. आत्याबाई ओरडल्या नाहीत. त्या जमिनीवर बसूनच रडायला लागल्या. मी मात्र रडले नाही. मी तिला उचलून पुन्हा खाटेपाशी उभं केलं आणि म्हणाले, "परत ये." ती परत आली. मी तिला पुन्हा उभं केलं. संध्याकाळी हे घरी येईपर्यंत मी तिला चालवत होते आणि तिचं प्रत्येक पाऊल सरळ पडतंय का ते बघत होते.